बिगरसरकारी मध्यस्थांना कमी लेखू नका

वर एका सदस्यांनी लिहिलंय की शांतता सरकारं आणि सैन्यच आणतात, संस्था फक्त परिषदा भरवतात. मला हे अजिबात पटत नाही.

आफ्रिकेतलं मोझांबिक घ्या, तिथे यादवी युद्ध चालू होतं. तिथलं सरकार रेनामोच्या बंडखोरांना सशस्त्र डाकू म्हणत होतं. त्यांच्याशी अधिकृत चर्चा करायची तर त्यांना मान्यता दिल्यासारखं होणार. ही कोंडी रोमच्या सांत एजिदिओ या कॅथलिक समुदायाने फोडली. हाताशी ना सैन्य, ना निर्बंधांची धमकी; होता तो दोन्हीकडचा विश्वास. जुलै १९९० मध्ये बोलणी सुरू झाली आणि ४ ऑक्टोबर १९९२ ला शांतता करारावर सह्या झाल्या. एवढा काळ न कंटाळता बसून राहणं, हीच मला त्यांची खरी ताकद वाटते.

मर्यादा आहेतच. इंडोनेशियाच्या आचे प्रांतात सरकार आणि फुटीर बंडखोर यांच्यात हेन्री ड्युनांट सेंटर या बिगरसरकारी संस्थेने २००२ च्या डिसेंबरात घडवलेला समझोता मे २००३ मध्ये कोसळला. आचेचाच २००५ चा हेलसिंकी करारही फिनलंडचे माजी राष्ट्राध्यक्ष अहतिसारी यांच्या बिगरसरकारी संस्थेनेच जुळवला, पण तो टिकला त्यात युरोपीय संघ आणि आसियान देशांच्या निरीक्षकांचा मोठा वाटा होता. म्हणजे देखरेखीला सरकारं लागतातच.

आणि आपल्याकडे? १९६४ मध्ये नागालँडच्या युद्धविरामासाठी जयप्रकाश नारायण झटले, तेव्हा त्यांच्याकडे कुठलं सरकारी पद होतं? आम्ही नागपूरकर गडचिरोलीतल्या चकमकींच्या बातम्या वर्षानुवर्षं वाचत आलोय. दोन्हीकडून मार खाणारा आदिवासी बघितला की असा माणूस इथे हवा होता, असं फार तीव्रतेने वाटतं.