रंग पसरत नसेल तर

एकांनी विचारलंय की रंगाची नक्षी काढायला सॅलड स्पिनरमध्ये (धुतलेल्या पालेभाजीचं पाणी गरगर फिरवून काढायचं जाळीचं भांडं) कागद ठेवून फिरवला तरी रंगाचे थेंब जागेवरच का बसतात. बहुतेक रंग घट्ट असणार. पोस्टर कलर पाणी घालून दुधाइतका पातळ करा आणि मग बघा.

थेंब कुठे टाकता तेही महत्त्वाचं. कागद फिरतो तेव्हा त्यावरचा रंग सरळ पुढे जाऊ पाहतो, त्याला आत धरून ठेवणारं बळ पुरत नाही, म्हणून तो कडेकडे सरकतो. अगदी मध्यबिंदूवरचा थेंब मात्र तिथेच साचून डबकं करतो. मध्यापासून जरा बाजूला टाका. कागद जाड, किंचित गुळगुळीत हवा. साधा कागद रंग पिऊन टाकतो. तळाला दुहेरी टेप लावायला विसरू नका.

पिवळा, लाल, निळा तिन्ही एकदम ओतले की चिखल होतो हे मुलांना कितीही सांगा, ती ओतणारच. ओतू द्या.

स्पिनर नसेल तर जुन्या सीडीच्या भोकात गोटी चिकटवून भोवरा करा, वर कागदाची चकती लावा आणि फिरताना स्केचपेन अलगद टेकवा. पसारा जवळपास शून्य. मिक्सरचा प्रयोग मात्र अजिबात नको. आणि रंगवलेला स्पिनर परत भाजीला वापरू नका.