पुस्तकांची जड फळी भिंतीवर लावायची आहे, कोणते फास्टनर घेऊ?

खिळखिळा: फळी चार फूट लांब, एक फूट खोल, ब्रॅकेट तीन. पुस्तकं धरून ४० किलो भरेल. भिंत विटेची की ब्लॉकची, माहीत नाही. घरात साधं ड्रिल आहे, नवीन मशीन किंवा महागडं काही घेणार नाही.

काटकोन: १० एमएमचा अँकर बोल्ट, विषय संपला. आमचा २५ लिटरचा गीझर त्यावरच आहे, हलत नाही. आणि एक चांगलं हॅमर ड्रिल घेऊनच टाका हो.

दहाचा_पाना: तुमची भिंत काँक्रीटची असेल. हा बोल्ट भोकात फुगून बाजूंना दाबतो. एएसी ब्लॉकमध्ये (हलका, सच्छिद्र काँक्रीटचा ब्लॉक) आतला माल चुरतो आणि बोल्ट नुसता फिरत राहतो. आधी कोपऱ्यात बारीक भोक पाडून भुकटी बघा. लाल म्हणजे वीट. पांढरट आणि ड्रिल सहज आत गेलं तर एएसी. जोर लावूनही जाईना तर काँक्रीट.

जुना_अडकित्ता: भोकात लाकडी गिट्टी ठोका, स्क्रू तिच्यात. आजोबांच्या वेळचं घड्याळ अजून तिच्यावरच आहे.

काटकोन: घड्याळ आणि ४० किलो पुस्तकं?

जुना_अडकित्ता: तुमच्याकडे प्लास्टिकचं असेल. आमचं लंबकाचं आहे.

निवांत: केमिकल अँकर, म्हणजे भोकात रेझिन भरून सळई चिकटवायची, दुसरं काही नको. फक्त भोकातली धूळ काढा. आमच्या सुताराने फुंकरसुद्धा मारली नाही, सळई रेझिनसकट हातात आली. पैसे मात्र पूर्ण घेतले.

दहाचा_पाना: ब्रॅकेटबद्दल कोणीच बोलत नाहीये. एक फूट फळीचा भार भिंतीपासून साधारण १५ सेंमीवर धरा. ब्रॅकेटचा उभा पाय २५ सेंमी असेल तर वरच्या स्क्रूंवर बाहेरची ओढ सगळी मिळून २४ किलो. पाय १० सेंमीचा घेतलात तर तीच ६० किलो. म्हणून लांब पायाचे ब्रॅकेट घ्या. गिलावा धरत नाही, गिट्टी त्याच्या पलीकडे ब्लॉकमध्ये रुतली पाहिजे. भोक गिट्टीपेक्षा सेंटिमीटरभर खोल पाडा. एएसी निघाली तर ड्रिलचे ठोके (हॅमर) बंद ठेवा आणि एएसीसाठीची लांब नायलॉन गिट्टी आणा. साधं ड्रिल पुरतं.

निवांत: नायलॉनची गिट्टी १९५८ची, आर्टुर फिशर यांची. म्हणून अजून बरेच जण गिट्टीला फिशरच म्हणतात.

काटकोन: इतिहास कोणी विचारला?

खिळखिळा: भुकटी पांढरी निघाली. सगळ्यांचे आभार, पण फळीच रद्द. माळ्यावरचं उंच कपाट उतरवतो, पुस्तकं त्यात.

दहाचा_पाना: तेही वर पट्टीने भिंतीला बांधा. पोरं खणावर चढली की उंच कपाट पुढे कलंडतं. जड पुस्तकं खालच्या खणात.

खिळखिळा: म्हणजे भोक पाडायचंच?

दहाचा_पाना: दोन. गिट्टी तीच.

चहाबाज: वरचं सगळं वाचलं नाही, पण डोळे मिटून १० एमएमचा अँकर बोल्ट.