मदत हवी आहे : पायथन सोडून रस्टकडे जावं का?

नमस्कार मंडळी. जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारं आमचं छोटं मुक्तस्रोत टूल आहे, पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं. जाडजूड पुस्तक टाकलं की चहा करून पिऊन होतो तरी काम चालूच. नव्या एका मुलाने सगळं रस्ट या जास्त वेगवान भाषेत लिहायची तयारी दाखवली आहे. वेग मिळेल हो, पण पहिली वेलांटी अक्षराच्या अलीकडून पलीकडे नेण्याचे नियम ज्या काकांनी वर्षानुवर्षं बसवले, त्यांना रस्ट येत नाही. ते दुरावलेले मला चालणार नाहीत.

फिश शेलने (टर्मिनलमध्ये आज्ञा चालवणारा मुक्तस्रोत प्रोग्राम) २०२३ पासून सी प्लस प्लसचा कोड तुकड्यातुकड्याने रस्टमध्ये नेला आणि २०२५ मध्ये ४.० आवृत्ती काढली. आम्हीही फक्त संथ भाग रस्टमध्ये लिहून पायओथ्रीने (रस्टचा कोड पायथनला जोडणारी लायब्ररी) जोडावा का? कोणी केलंय? आणि चौघांत मतं फुटली तर शेवटचा शब्द कोणाचा ठेवलात?