‘अपर बाउंड’ले मराठीत काय म्हणावं?

कपाशीवाला: गावच्या अभ्यासिकेतल्या पोरांसाठी रांगेच्या गणितावर दोन पानं लिहून रायलो. जिनिंगवर चार वजनकाटे, कापसाच्या गाड्या येतच रायतात, तर रांग सरासरी कितीच्या वर जाणार नाही हे सांगते तो अपर बाउंड, त्याले मी ‘रांगेची मर्यादा’ लिहिलं. काकानं वाचलं अन् म्हणे, म्हणजे तेवढ्या गाड्या झाल्या का गेट बंद? मागं एका केंद्रावर दोन रात्री बंडीखाली झोपून कापूस वापस आणला होता त्यांनी, तर मर्यादा म्हटलं का त्यांले नियमच दिसते. दुसरा शब्द सांगा.

गणित मास्तर: ‘सीमा’ घेऊ नका, ते लिमिटसाठी पुस्तकात बसलं आहे. ‘वरचा बंध’ लिहा. बंध अन् बाउंड मुळात एकच.

शब्दवेडी: नाही हो सर. ‘बांधणे’वाला बाइंड आपल्या बंधचा नातेवाईक, पण हा हद्दीचा बाउंड जुन्या फ्रेंचमधून आलेला, वेगळाच शब्द आहे.

धुऱ्यावरचा: हद्दच म्हणायची तर आपला धुरा काय वाईट? गावात कोनालेही समजते.

कपाशीवाला: धुरा मले लय आवडला, पण भाऊ, धुरा जिथं असते तिथंच वावर संपते. बाउंडचं तसं नाही, रांग त्याच्या पुष्कळ अलीकडेच थांबू शकते. किंगमन नावाच्या गणितज्ञानं १९६२ मध्ये एका काट्याच्या रांगेचा बाउंड दिला, अनेक काट्यांसाठी तसाच साधा ली अन् गोल्डबर्गनं २०१७ मध्ये, १ भागिले (१ वजा भार) या चालीनं वाढणारा; भार म्हणजे काटे किती वेळ गुंतलेले. म्हणजे काटे ९० टक्के वेळ गुंतलेले तर १०, ९९ टक्के तर १००, अन् त्याले एका ठरलेल्या आकड्यानं गुणायचं. तो आकडा इतका मोठा का खरी रांग त्याच्या जवळपासही जात नाही. पण बाउंड खोटा नाही.

शब्दवेडी: शिवाय विदर्भाबाहेर ‘धुरा’ म्हणजे जबाबदारी, ती धुरा.

धुऱ्यावरचा: ती धुरा वेगळी, आमचा तो धुरा. प्रमाण भाषेसाठी आमी आमचा शब्द काऊन सोडावा? धुऱ्यावरच्या एका बोरीसाठी माह्या आज्याचं अन् शेजाऱ्याचं बोलनं बंद होतं, तेव्हा जबाबदारी कोनी म्हणत नव्हतं.

गणित मास्तर: पण गावाची हद्द तुम्ही ‘शीव’च म्हणता ना? ते सीमाचंच रूप. मग सीमा परका कसा?

धुऱ्यावरचा: शीव गावाची, धुरा वावराचा. दोन्ही एक नाही, सर.