टीटी-02 रिमोट कार: 25 दातांचा पिनियन लावला, वेग जेमतेम वाढला, मोटर मात्र भट्टी

रबरटायर: तामिया टीटी-02, 3300 केव्ही (व्होल्टमागे मिनिटाला 3300 फेरे) सेन्सरलेस मोटर, 2एस लायपो (दोन सेलची, 7.4 व्होल्टची बॅटरी), 64 मिमी व्यासाचे टायर, स्पर (पिनियन ज्याला फिरवतो ते मोठं दातेरी चाक) 70 दातांचा. पिनियन (मोटरच्या शाफ्टवरचं छोटं दातेरी चाक) 22 चा काढून 25 चा लावला. जीपीएसवर 30 चे 32 किमी झाले, आणि पाच मिनिटांत मोटर 92 अंशांवर. सरळ रस्ता साधारण 40 मीटर. ताशी 50 किमी हवेत. आता 27 चा मिळतो का बघू?

गिअरचा_हिशेब: थांबा, आधी आकडे मांडू. टीटी-02 चं आतलं गुणोत्तर (स्परपासून चाकापर्यंतच्या गिअरचं) 2.6. म्हणजे 70 ÷ 22 × 2.6 = 8.27, आणि 25 ला 7.28. मोटर मिनिटाला 3300 × 7.4 = 24,420 फेरे. भागिले 7.28, गुणिले टायरचा घेर 0.2 मीटर: मिनिटाला 671 मीटर, म्हणजे ताशी 40 किमी. हे कागदावर. भाराखाली 15 टक्के तरी जातात, उरले 34. तुमचे 32 त्याच्या जवळच आहेत. 40 मीटरमध्ये गाडी वेग पकडेपर्यंत रस्ता संपतो, उरलेला फरक तिथे गेला. या मोटरवर, 2एसवर, पिनियन बदलून 50 येणार नाहीत.

उष्णमापक: तापण्याचं कारणही त्यातच आहे. चाकाला तेवढाच जोर द्यायला 25 वर मोटरला 14 टक्के जास्त टॉर्क लागतो, करंटही तितकाच वाढतो. वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळपास 29 टक्के. माझ्या मते 80 च्या वर गेलं की थांबायचं. फार तापलं तर रोटरच्या मॅग्नेटची ताकद जाते आणि ती परत येत नाही.

एक तपासा: पिनियन 0.6 मॉड्यूलचाच (दातांच्या आकाराचं माप) आहे ना? 48 पिचचा (दुसऱ्या मापाचा, बारीक दातांचा) त्याच शाफ्टवर बसतो, फिरतोही, आणि स्परचे दात खातो. कॅलिपर लावा. 25 दातांचा 0.6 वाला बाहेरून 16.2 मिमी भरतो, 48 पिचचा 14.3. मोटर कुठल्या भोकांत आहे तेही मॅन्युअलच्या तक्त्यात बघा. दर दातामागे मोटर 0.3 मिमी सरकते. 24 च्या भोकांत 25 कोंबला तर मेश (दातांची एकमेकांतली पकड) घट्ट होतो, आणि तेवढ्यानेही मोटर तापते.

रबरटायर: 16.2 आहे, भोकं मात्र 24 ची होती! बदलली. ईएससीवर (मोटरचा वेग सांभाळणारा नियंत्रक) 2एस-3एस लिहिलंय.

गिअरचा_हिशेब: मग 3एस (तीन सेलची बॅटरी) लावा, पण पिनियन परत 22 चा. 11.1 व्होल्टला कागदावर ताशी 53 किमी, प्रत्यक्षात 45 च्या आसपास. भरलेल्या 3एसवर मोटर बिनभाराची 41,580 फेऱ्यांपर्यंत जाईल, तेवढी मर्यादा मोटरच्या माहितीपत्रकात आहे का ते आधी पाहा. ईएससीचा कटऑफ (बॅटरी फार उतरण्याआधी वीज तोडणारी सोय) 3एसला ओळखतोय का, तेही. 50 साठी 25 चा पिनियन लागेलच, पण लांब रस्ता मिळाल्यावरच तो लावा.

उष्णमापक: पिनियन एकेक दातानेच चढवा. प्रत्येक वेळी तीन मिनिटं पळवून मोटरवर तापमापक धरा, ईएससीवरही. बुशिंग (शाफ्ट ज्यांत फिरतात त्या कड्या) प्लास्टिकची असतील तर त्याआधी बेअरिंग घाला. पिनियनचा ग्रब स्क्रू (त्याला शाफ्टवर पकडणारा बिनडोक्याचा छोटा स्क्रू) शाफ्टच्या सपाट भागावर, थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावून. 3एसवर तो सुटला की स्पर गेलाच समजा.