गिफ्ट : भेट, विष की लग्न?

शब्दवेडा :
इंग्रजीत ‘गिफ्ट’ म्हणजे भेट, जर्मनमध्ये विष, तर स्वीडिशमध्ये विष आणि ‘विवाहित’ असे दोन्ही. बर्लिनमध्ये कुणाला विषबाधा झाली की ज्या मदतक्रमांकावर फोन करतात, त्याचे नावच ‘गिफ्टनोटरूफ’ आहे. ‘देणे’ या क्रियेतून निघालेला हा शब्द इंग्रजीने जपला आणि जर्मनांनी बिघडवला, असे माझे स्पष्ट मत आहे.

तर्ककर्कश :
साफ असहमत. जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘यिफ्ट’ असा उच्चारला जाई आणि त्याचा अर्थ होता वधूसाठी मोजलेले मोल, म्हणजे आपल्याकडचा देज. अनेकवचनात तर चक्क लग्न! आजचा ‘ग’ आणि ‘भेट’ हा अर्थ इंग्रजीला मिळाला तो वायकिंगांच्या नॉर्स भाषेच्या प्रभावाने. उलट वधू माहेरून जे घेऊन येते त्याला जर्मन आजही ‘मिटगिफ्ट’ म्हणतात, तेव्हा जुने कुणी जपले ते तुम्हीच पाहा. विषाचा अर्थ आला वैद्यकातून. ग्रीक ‘डोसिस’ म्हणजे देणे, त्यावरून औषधाची मात्रा. लॅटिनमधून आलेल्या या शब्दाच्या वळणावर जर्मनमधला ‘देणे’वाचक शब्दही आधी मात्रा आणि मग जीवघेणी मात्रा या अर्थाने रुळला. (आपला ‘दान’ आणि हा ‘डोस’ एकाच धातूचे, हे जाता जाता.)

वाटसरू :
वैद्यांचे भाषांतर मान्य, पण ते सामान्यांच्या तोंडी टिकले ते विषाचे नाव उघड घेण्याच्या भीतीमुळे, असे मला वाटते. फ्रेंच ‘प्वाझों’ तरी काय, लॅटिनमधले साधे ‘पेय’च की. आपल्याकडेही रात्री सापाला साप न म्हणता ‘जनावर’ म्हणतात.

तर्ककर्कश :
भीती असती तर स्वीडिश माणसाने अर्जात वैवाहिक स्थितीपुढे ‘यिफ्ट’ लिहिताना दचकायला हवे होते, कारण विषालाही तो त्याच उच्चाराने तोच शब्द वापरतो. संदर्भ पुरेसा असतो.

शब्दवेडा :
‘बिघडवला’ हा शब्द मी मागे घेतो. मात्र संदर्भ पुरेसा असतो, हे पटत नाही. डच भाषेत देणगी ‘खिफ्ट’च राहिली आणि विषाला सहसा शेवटचा ‘ट’ गाळून नुसते ‘खिफ’ म्हणतात. दोन्ही अर्थ एका घरात सुखाने नांदत होते, तर मग डचांनी ही वाटणी कशासाठी केली?