नमुना अंक, लाल फुली आणि तांबडा रस्सा

रंकाळा फेरीवाला:
परवा इथं एका भावानं गावातल्या नव्या आरोग्य मासिकाचा नमुना अंक टाकला आणि वर लिहिलं, 'डिझाइन इंटरनॅशनल केलंय, कोल्हापूरला पचायला वेळ लागेल.' पचायचं राहू दे, आधी दिसू तर दे. दोन दिवस गप्प बसलो, आता लिहितो.

छापील प्रत मिळवली. सकाळी रंकाळ्यावर फेरी मारून बाकड्यावर बसलो, चष्मा चढवला. कागद एवढा गुळगुळीत की कोवळं ऊन पानावरनं थेट डोळ्यात. पान तिरकं धरलं की डावा रकाना दिसतो, उजवा जातो. टाइप, म्हणजे अक्षराचा आकार, जेमतेम ९ पॉइंट. ओळींतलं अंतर इंग्रजीच्या मापानं, म्हणजे वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीच्या डोक्यावर पाय देऊन उभा. आणि मधुमेहाची चार पानं काळ्यावर पांढऱ्या अक्षरात! तो काळाही चार शाया एकावर एक चढवून केलेला. एखाद्या शाईची प्लेट केसभर सरकली की अक्षराच्या पोटात रंग शिरतो. माझ्या प्रतीत पान १४ वर 'मधुमेह'चा उकार बुजून 'मधमेह' झालाय. मध खा म्हणताय का खाऊ नका?

मुखपृष्ठावर परदेशी गोरा गडी, पोटाच्या सहा वड्या. १९१२ पासून खासबाग कुस्ती मैदान असलेल्या गावाला, राजाराम कॉलेजात शिकून १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकात कुस्तीचं ब्राँझ मिळवणाऱ्या खाशाबा जाधवांना घडवणाऱ्या गावाला उसना गडी लागतो होय?

आणि पान २२. 'हे टाळा' म्हणून तांबड्या रश्श्याच्या वाटीवर लाल फुली. त्यावर मी बोलत नाही, बाकीचे बोलतील.

पानं लावणारा:
तो भाऊ मीच. काका, टीका करा, पण हिशेब माहिती करून घ्या. ४८ पानं म्हणजे सोळा सोळा पानांचे तीन फॉर्म, छपाईचे गठ्ठे. अक्षर १२ पॉइंट केलं की ६४ पानं होतात, पैसे कोण देणार? जाहिरातवाला पहिल्यांदा अंक हातात घेऊन कागद चोळून बघतो. मॅपलिथोवर, म्हणजे बिनचकाकीच्या साध्या कागदावर, शाई आत मुरते, रंग फिका पडतो, जाहिरातीतलं त्याचं हॉटेल आजारी दिसतं. त्याच्या पैशावर तुमचा मधुमेह छापायचाय.

मुखपृष्ठाचं म्हणाल तर विकतचा फोटो काही शेकड्यात मिळतो. मागं एका कामात तालमीतल्या पोराचा फोटो तोंडी परवानगीवर वापरला होता. अंक आल्यावर त्याचे चुलते दुकानात येऊन बसले, संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. तेव्हापासून लेखी असल्याशिवाय कुणाचं तोंड छापत नाही.

लाल माती:
चुलते बसले ते बरोबरच केलं. पोराला एक अंक तरी फुकट दिला होतास का?

आता रश्श्यावर येतो. भावा, ही फुली कुणाच्या डोक्यातनं आली? आम्ही पहाटे चारला उठून जोर-बैठका मारणारी माणसं. तालमीच्या हौद्यातल्या मातीला ताक, तेल, हळद घालून आमची मेहनत असते. संध्याकाळी वाटीभर रस्सा पोटात गेला नाही तर दुसऱ्या दिवशी कुस्ती काय ओट्सवर धरायची? तुझ्या पान १८ वर 'अलमंड मिल्क'चं पाकीट छापलंय. अरे, गंगावेशीत म्हशीची धार समोर काढून दूध देतात!

आहारवाली:
दादा, तुम्ही हजार बैठका मारता, तुमचं जिरतं. अंक वाचणारे किती जण मारतात? माझे वडील तालमीतलेच. चाळिशीत तालीम सुटली, खुराक सुटला नाही. पन्नाशीत बीपी, पंचावन्नला अँजिओप्लास्टी. दवाखान्यात डबा घेऊन मी जात होते आणि ते विचारत होते, 'कट आणलास का?' जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ म्हणते. रस्सा-भाकरी, वर लोणचं, पापड, एका बैठकीत किती गेलं मोजा. फुली राहू दे.

लाल माती:
ताई, वडिलांचं वाईट वाटलं. पण दोष रश्श्याचा का तालीम सोडल्याचा?

आहारवाली:
तेच तर म्हणतेय! तालीम सगळ्यांचीच सुटते.

शाहूपुरीची सून:
आणि पांढऱ्या रश्श्यावर फुली नाही ते कुणाला दिसलं का? नारळाचं दूध, काजू, खसखस, तीळ घालून तो सात्त्विक, आणि तांबडा तेवढा गुन्हेगार. फोटोत लाल दिसतो म्हणूनच ना? हा आहारसल्ला नाही, रंगसंगती आहे. आमच्याकडं सासूबाई आळणी, म्हणजे बिनतिखटाचा मटणाचा रस्सा, बाजूला काढून आजाऱ्याला देतात, तो पण त्याच पातेल्यातला.

पानं लावणारा:
खरं सांगतो. पांढरी वाटी पांढऱ्या पानावर उठत नव्हती.

रंकाळा फेरीवाला:
घ्या! कबुली आली.

शाहूपुरीची सून:
अजून एक. अख्ख्या अंकात बाई एकच, ट्रेडमिलवर केस मोकळे सोडून हसणारी. रंकाळ्यावर सकाळी बघा, नऊवारी-सहावारी खोचून, खाली मुलाचे जुने स्पोर्ट्स शूज घालून बायका तरातरा चालत असतात. मी त्यातलीच. हसत वगैरे नसतो आम्ही, साडेसातचं पाणी जायच्या आत घर गाठायचं असतं. असला फोटो एक तरी छापा. माझा नको.

खिळेवाला आजोबा:
तीस वर्षं छापखान्यात काढली. रश्श्यावर एवढी चर्चा आणि पान ९ वर तीनदा 'दुसर्या दिवशी' छापलंय ते कुणाच्या डोळ्याला टोचलं नाही! लेखकानं युनिकोडात पाठवलं असणार, यांनी जुन्या फाँटात फिरवलं, फिरवताना 'दुसऱ्या'तला अर्धा र मोडला. फिरवल्यावर नजर टाकायची असते हे कुणी शिकवलं नाही का? आम्ही चिमट्यानं अक्षराचा एकेक खिळा बदलत होतो. यांना एक कळ दाबायची तर जड जातंय.

पानं लावणारा:
आजोबा, अंक रात्री दोनला गेला प्रेसला. माझ्याशिवाय माणूस नाही. तुम्ही येताय का मुद्रितं तपासायला? फुकट.

खिळेवाला आजोबा:
फुकट येतो. पण आधी अक्षर मोठं कर, नऊ पॉइंटात मला माझी चूकही दिसायची नाही.

लाल माती:
विषय बदलू नका. फुली निघणार का नाही?

आहारवाली:
निघाली तर आहाराचं पान मी लिहिणार नाही. स्पष्ट सांगते.

रंकाळा फेरीवाला:
ताई, थांबा. फुलीचा अर्थ 'विष' असा होतो आणि माणूस पानच उलटतो. माझी साखर निघाली तेव्हा डॉक्टरांनी कागदावर वाटी काढली, अर्ध्यात रेघ मारली, म्हणाले एवढा, आणि तर्री बाजूला सारून. दोन वर्षं तो कागद फ्रिजवर आहे. फुली असती तर त्याच दिवशी फाडला असता.

आहारवाली:
…अर्धी वाटी चालेल. आठवड्यातनं एकदा. हे पण छापायचं.

लाल माती:
आठवड्यातनं एकदा तर आम्ही नुसता वास घेतो.

पानं लावणारा:
बरं बाबांनो. आतला कागद मॅपलिथो, अक्षर ११ आणि एक पॉइंटही जास्त मागू नका, काळी पानं रद्द. मुखपृष्ठ गुळगुळीत आर्ट पेपरच राहणार, ते माझं पोट आहे. रश्श्यावर अर्ध्या वाटीची रेघ. पांढरा राखाडी पानावर घेतो आणि त्यालाही रेघ मारतो, सूनबाईंच्या इच्छेप्रमाणं. तालमीतला फोटो लेखी परवानगीसकट कोण आणून देतंय?

लाल माती:
मी देतो. पण गडी कोण असावा यावर वस्ताद बोलतील, तू नाही.

पानं लावणारा:
म्हणजे पुढचा अंक दिवाळीनंतर.

रंकाळा फेरीवाला:
कुठल्या दिवाळीनंतर?